चालणं, झाडणं, चढणं

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरला लागूनच हे पिवळ्या विटांचं जडसन मेमोरियल चर्च. ६ जुलै १९६२ला, भर उकाड्यात, इथे जवळपास तीन तास नाच चालला. पोस्टमॉडर्न डान्सचा, म्हणजे रोजच्या साध्या हालचालींनाही नाच मानणाऱ्या प्रवाहाचा, जन्म म्हणून हीच तारीख सांगतात. आम्ही मात्र आधी तुम्हाला दोन वर्षं मागे, दुसऱ्याच ठिकाणी नेतोय.

कॅलिफोर्निया. रेडवूडच्या झाडांत बांधलेला लाकडी चौथरा. वर छत नाही, समोर आरसा नाही. नृत्यशिक्षिका ॲना हॅलप्रिन इथे शिकवायच्या. १९६०च्या उन्हाळ्यात सिमोन फोर्टी, इव्हॉन रेनर आणि ट्रिशा ब्राउन या तरुण नर्तकी इथे एकत्र होत्या. रोजची साधी कामं हाच इथला रियाज. ट्रिशाने याच फळ्यांवर झाडू चालवला आणि झाडूच्या ओढीनं तिचं अंग हवेत झेपावलं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये, नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत, रॉबर्ट डन यांनी नृत्यरचनेचा वर्ग सुरू केला. डन संगीतकार, प्रयोगशील रचनाकार जॉन केज यांच्याकडे शिकलेले. सुरुवातीला विद्यार्थी फक्त पाच. त्यांत फोर्टी, रेनर आणि नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन. कोणता अवयव हलवायचा, किती वेळ, कुठे, हे नशिबाच्या दानावर सोडायचं. नाच दाखवून झाला की डन चांगलं-वाईट ठरवत नसत. तो रचला कसा, एवढंच विचारत. गुरूच्या चेहऱ्याकडे बघत ज्यांनी नाच शिकलाय, त्यांना या एका प्रश्नाचं मोल कळेल.

आता हे पाहा. फोर्टीचं १९६१चं 'हडल'. सात-आठ जण खांद्याला खांदा लावून वाकलेत. एकजण सुटतो, सगळ्यांच्या पाठीवरून चढतो, पलीकडे उतरतो, पुन्हा घोळक्यात मिसळतो. दहीहंडीच्या थरासारखं वाटतं, पण इथे वर काही फोडायचं नाही. पाय कुठे टेकतो बघा. खालची पाठ कशी सावरते बघा.

या वर्गाला आपलं काम लोकांसमोर मांडायला जागा हवी होती. जडसन चर्चने दार उघडलं, आणि तीच ती जुलैची रात्र.

पुढे ट्रिशाने माणसाला इमारतीच्या भिंतीवरून चालत उतरवलं; पॅक्स्टनने १९७२मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या अंगाला टेकून, भार देत-घेत आयत्या वेळी सुचेल तसा नाच, सुरू केलं.

आणि ही रेनर. नाच १९६६चा, 'ट्रिओ ए', चित्रण १९७८चं. संगीत नाही. एकही हालचाल पुन्हा येत नाही. तिची नजर बघत राहा. ती एकदाही आपल्याकडे वळत नाही.