गिरणीची इमारत: आधी वाफ, मग विटा

मंडळी, मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण गिरणीची इमारत तशीच का बांधत, हे क्वचितच कुणी विचारतं. परळ-लालबागकडे जुन्या आवारात शिरलात तर पाहा: सूत कातायचं त्रासन खातं तीन-चार मजली, साचेखातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं खातं, मात्र बैठं.

याचं मूळ इंजिनात आहे. वाफेचं इंजिन एकच. त्याच्या भल्यामोठ्या चाकाला खाचा, खाचांत जाडजूड सुती दोर. इंजिनघराला लागून इमारतीच्या पूर्ण उंचीचा एक अरुंद बोळ ठेवत. त्यातून दोर वर चढत आणि मजल्यामजल्यावर छताखालचा लांब दांडा फिरवत. दांड्यावरून चामडी पट्टे यंत्रांवर. दांडा जितका लांब, तितकी ताकद वाटेतच खर्ची पडणार; म्हणून खाती आडवी न पसरता एकावर एक रचली. साच्यांना ते चालत नाही. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा आपटतो, आणि असे शेकडो साचे वरच्या मजल्यावर ठेवले तर इमारतच हलेल.

बैठ्या शेडच्या मधोमध खिडकीचा उजेड पोचत नाही. त्यावर उपाय करवतीच्या दात्यांसारख्या छपराचा: काच उत्तरेकडे, म्हणजे ऊन न येता सारखा उजेड, तुटलेला धागा लगेच दिसतो. हवा मात्र दमट हवी, कोरडा धागा तुटतो. त्यामुळे खिडक्या बंद, वर पाण्याचा फवारा. कामगाराच्या छातीचा विचार त्या हिशेबात नव्हता.

करवतीच्या दोन दात्यांमधलं पावसाचं पाणी बऱ्याच ठिकाणी बिडाच्या पोकळ खांबांतूनच खाली सोडत. वेगळा नळ वाचला, पण दुखणं तिथेच. पन्हळीत कापसाची पिंजण अडकली की पाणी तुंबतं, खांब आतून गंजतो, बाहेर रंग शाबूत. बीड दाब छान पेलतं, वाक सोसत नाही. तडकतं ते न सांगता. अशा खांबाची जाडी चारही बाजूंनी मोजावी. ओतताना आतला गाभा सरकलेला असला तर एक बाजू जाड, दुसरी पातळ निघते. एकाच जागी मोजून ‘ठीक आहे’ म्हणणं हा नेहमीचा घोटाळा.

१९१५ मध्ये खोपोलीची वीज आली, पुढे यंत्रांना मोटारी बसल्या आणि दोरांचा बोळ रिकामा झाला. कुठे त्यात जिना बसला, कुठे लिफ्ट.

१८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: महापालिका, म्हाडा (सरकारी घरबांधणी मंडळ), मालक. २००१ च्या दुरुस्तीने मोकळ्या जमिनीचीच वाटणी ठेवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. मोकळी म्हणजे मुळातच मोकळी. शेड पाडून झालेली नव्हे. गिरण्यांचं आवार तर शेडनीच भरलेलं. साच्यांना वर चढवता येत नव्हतं म्हणून जे छप्पर जमिनीवर ऐसपैस पसरलं, त्याच्याखालची सगळी जमीन वाटणीतून सुटली.