पाठीला लागणारी थंडी

नमस्कार. शाली, मफलर, कानटोप्या घालून एवढी मंडळी आलीत, म्हणजे विषयाची निम्मी तयारी तुम्ही घरूनच करून आलात. हिवाळ्यातली भयकथा कशी लिहावी, असा विषय जाहीर झालाय आणि त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी एक साधा प्रश्न. शेकोटीजवळ बसलं की थंडी कुठे वाजते?

कुणीतरी म्हणालं, पाठीला. बरोबर! तोंड भाजून निघतं, गुडघ्यांना हात लावता येत नाही इतके ते तापतात आणि पाठ मात्र गारठलेली असते. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही, कारण जाळाकडे बघून बघून डोळे दिपलेले असतात. वळून पाहिलं तरी नुसता काळोख. माझं सगळं म्हणणं या गार पाठीपासून सुरू होतं.

नागपूरला थंडी असते, हे मला लोकांना पटवून द्यावं लागतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला नागपूर म्हटलं की मे महिना आठवतो, सत्तेचाळीस अंश आठवतात. २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. त्या पहाटे मी सीताबर्डीवरून येत होतो. दुकानांच्या बंद शटरसमोर रिक्षावाल्यांनी खोक्यांचे पुठ्ठे पेटवले होते. मी गाडी थांबवली आणि हात पुढे केले. कोण, कुठला, काहीही न विचारता दोघं बाजूला सरकले. ते सरकणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी एक तक्रार. ती मी बरीच वर्षं मनात ठेवली आहे आणि आज सांगणार आहे. मी एक हिवाळी भयकथा लिहिली होती. काटोलकडचं शेत, पौषातली रात्र, ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं, चालू. ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली. उत्तर आलं की कथा चांगली आहे, पण वातावरण कमी पडतं, थंडीच्या जागी पाऊस करता येईल का? आणि जमलं तर एखादा जुना वाडाही. मी कथा परत मागवून घेतली. राग त्या संपादकांवर नव्हता, अजूनही नाही. त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते आपल्या सगळ्यांच्याच सवयीतून आलेलं होतं. मराठी भयकथा पावसातच का घडते? धो धो पाऊस, घाटात बंद पडलेली गाडी, गेलेली वीज, करकरणारा दरवाजा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला नीट घाबरायला शिकवलं. त्या दोघांपुढे मी हात जोडतो. पण त्यांच्यामागून येणाऱ्या आपण मंडळींनी पाऊस आणि वाडा तेवढा उचलला.

याचं एक कारण मला सापडलंय. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथा दिवाळीच्या पंगतीला बसली. ती पंगत आपल्या साहित्याचं वैभव आहे. पण अंक येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे कथा मागवली जाते उन्हाळ्यात आणि लिहिली जाते जून-जुलैत. खिडकीबाहेर पाऊस पडत असतो. लेखक मान वर करतो, पाऊस दिसतो, तोच कागदावर उतरतो. ज्या दिवसांत आपण गोधडीत शिरून एकमेकांना गोष्टी सांगतो, त्या दिवसांत आपल्याकडे कुणी कथा मागत नाही.

विलायतेत याच्या उलट चालतं. तिथे भुताच्या गोष्टी नाताळातच सांगायच्या, अशी जुनी रीत. डिकन्सने १८४३ मध्ये नाताळाच्या गोष्टीतच भुतं आणली. केंब्रिजचे एम. आर. जेम्स मोठे विद्वान, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार. ते नाताळात मित्रांना आपल्या खोलीत जमवायचे आणि नवी लिहिलेली भूतकथा वाचून दाखवायचे. आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. शेगडी भिंतीत बांधलेली, दार लावलेलं, बसायला उंच पाठीच्या खुर्च्या. तिथे पाठ झाकलेली असते. म्हणून त्यांच्या भुताला दारावर थाप मारावी लागते, जिन्यावर पावलं वाजवावी लागतात, खिडकीशी यावं लागतं. त्यांची डिसेंबरातली रात्रही मोठी, लंडनला सोळा तासांची. आपल्या नागपूरची तेराची. आणि आपली आगटी उघड्यावर. तिला भिंत नाही, दार नाही. जो येईल तो सरळ येऊन बसतो.

आता मामांची गोष्ट. माझं सगळं शिक्षण त्या एका रात्री झालं, म्हणून ती सावकाश सांगतो.

मी आठवीत होतो. नाताळच्या सुट्टीत काटोल तालुक्यात मामांकडे गेलो होतो. शेतीची लाईन, म्हणजे मोटरीची वीज, पाळीपाळीने यायची, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. कास्तकाराला थंडी बघून चालत नाही, लाईन आली की चन्याला पाणी द्यावंच लागतं. मी हट्ट करून मामांबरोबर शेतात गेलो. आम्ही चौघं. मामा, त्यांचा सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, सालदाराचा मुलगा आणि मी. धुऱ्याजवळ पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, आगटी केली होती. पऱ्हाटी भसकन पेटते, तडतडते आणि लगेच बसते, सारखी घालत राहावी लागते. वारं माझ्या डाव्या अंगाने येत होतं. उजवा गाल तापलेला आणि डाव्या कानात सुया टोचल्यासारख्या. अंगावर मामींची दुलई होती, तरी वारं तिच्यातून शिरत होतं.

लाईनीची वाट बघत आम्ही बसलो होतो. बोलणं थांबलं होतं. आणि मामा जाळाकडे बघतच म्हणाले, “सरका रे जरासे. बसू द्या त्याले.”

सालदार सरकला. मीही सरकलो. शेजारच्या शेतातला कोणी आला असेल, असं मला वाटलं. डोळे इतके दिपले होते की बाजूला बघितलं तर काही दिसेना. पण डाव्या अंगाचं वारं थांबलं. कुणीतरी आडोसा धरून बसावं तसं. कानातल्या सुया गेल्या आणि मला बरं वाटलं.

मग मामांनी चन्याची झाडं जाळावर धरली, घाटे भाजले आणि एका फडक्यावर त्यांचे वाटे केले. मी मोजले. पाच होते. आम्ही चौघांनी आपापला वाटा उचलला, पाचवा तिथेच राहिला. कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. अकराच्या सुमाराला लाईन आली. सगळे उठून पाइप बदलायला गेले आणि मला खोपडीत, शेतातल्या झोपडीत, निजवलं. सकाळी आगटीची राख झाली होती. फडकं तिथेच होतं. पाचव्या वाट्यावर दव पडलं होतं, एकेका घाट्यावर एकेक थेंब.

हे मी मामांना विचारलं ते दहा-बारा वर्षांनी. त्यांनी सांगितलं की आदल्या पौषात सालदाराचा थोरला भाऊ त्याच शेतात गेला. लाईन आली, त्याने ओल्या हाताने स्टार्टरचं बटन दाबलं आणि शॉक लागला. मामा म्हणाले, “आगटीजवळ बरा बसला होता. मीच उठवलं त्याले, जा म्हटलं, मोटर चालू कर.” त्यानंतर ते दर वर्षी पौषात त्याची जागा सोडत होते. वाटा काढत होते.

मी त्यांना वाऱ्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “कोन्या बाजूचं वारं?”

मी म्हटलं, डाव्या.

“हो,” ते म्हणाले. “थो तिकडेच बसे.”

मंडळी, यात मला हडळ दिसली नाही, खवीस दिसला नाही, उलटे पाय दिसले नाहीत. त्या रात्री भीतीसुद्धा वाटली नव्हती. भीती वाटली ती दहा वर्षांनी, मामांनी तो प्रश्न विचारला तेव्हा. आजही डाव्या बाजूचं वारं अचानक पडलं की मी थांबतो.

याला जोडून एक आठवतं, तेही सांगतोच. गुणाढ्याची कथा तुम्हाला माहीत आहे. सातवाहनांच्या दरबारातून तो बाहेर पडला, विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. तेव्हा त्याने रानात आग पेटवली आणि एकेक पान वाचून आगीत टाकत गेला. हरणं, रानडुकरं भोवती जमली. चरायचं सोडून रडत ऐकत राहिली. राजाच्या स्वयंपाकघरात मांस कोरडं यायला लागलं, तेव्हा कुठे राजाला पत्ता लागला. तो धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले. शिकारी आणि शिकार एकाच आगीभोवती, मधे पिशाचांच्या भाषेतली गोष्ट. आपली शेकोटी इतकी जुनी आहे! विलायतेतून खुर्च्या आणायची आपल्याला गरज काय?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. सभागृह वेळेत मोकळं करून द्यायचंय, त्यामुळे कबूल केलेला विषय आता भराभर सांगतो.

कथेत बर्फ आणू नका. साडेतीन अंश पुरेसे आहेत. आपली भाषा बघा ना, आपल्याला थंडी वाजते, हुडहुडी भरते, ताप अंगात भरतो आणि वारंही अंगात भरतं. थंडीने अंगावर काटा येतो आणि भीतीनेही तोच काटा येतो. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, कारण थंडी असो की भीती, शरीराचं उत्तर एकच. तुमच्या पात्राच्या अंगावर काटा आला तर तो कशाने, हे त्याला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

दुसरं, आवाज. थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. मे महिन्यात जिचा पत्ताही लागत नाही, ती अजनी स्टेशनची गाडी जानेवारीत उशाशी शिट्टी देते. लांबचं जवळ ऐकू येणं, एवढ्यावर एक कथा उभी राहते. दार करकरवावं लागत नाही.

तिसरं, शेवट उबेत करा. जपानात भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगतात, ऐकून गार वाटावं म्हणून. तरी त्यांची हिमस्त्री आहेच. लाफकाडिओ हर्नने १९०४ साली ती इंग्रजीत आणली. ती हिमवादळात फुंकर घालून म्हाताऱ्याला मारते, तरुणाला सोडते आणि हे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावते. पण गोष्टीतला खरा क्षण वादळात येत नाही. तो कित्येक वर्षांनी येतो. पोरं झोपलेली, बायको दिव्याशी शिवत बसलेली, आणि नवरा सहज ती जुनी आठवण तिलाच सांगून बसतो. घर, दिवा, ऊब आणि समोर तीच.

आणि चौथं म्हणजे ते सरकणं. आपल्याकडे आगीशी आलेल्याला नाव विचारत नाहीत, जागा देतात. आपल्या हिवाळी भयकथेचं दार तेच आहे. ते भांडून उघडत नाही, मायेने उघडतं. भूत बाहेरून घुसत नाही, आपणच त्याला बसवून घेतो. मामांनी बसवलं तसं.

दुसरी चिठ्ठी आली. समोर दोन-तीन संपादक बसलेले दिसताहेत, त्यांना एक विनंती करून थांबतो. दिवाळी अंकासाठी भयकथा हवी असेल तर लेखकाला जूनमध्ये फोन करू नका. या जानेवारीत करा, त्याचे हात गारठलेले असताना. कथा तेव्हा लिहून घ्या आणि दिवाळीपर्यंत टेबलाच्या खणात ठेवा.