माणसाचा दोर वेगळा, फांदीचा दोर वेगळा

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा: झाडावर अडकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं. तिथे मी येणारच आहे. पण आधी हा दोराचा तुकडा पहिल्या रांगेत देतो, तो हातोहात मागे जाऊ द्या. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो तोच हा पिवळा दोर. वरच्या धाग्यांवर नख घासा, कुसळासारखे तुटून येतील. मग उलटा पीळ देऊन पेड सोडवा आणि आत बोट फिरवा. कचकच लागेल. ती माती आणि वाळू. दोराला ताण आला की तेच कण आतून धागे कापतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा दोर. पीळ शाबूत दिसतो, आतला जीव उन्हाने कधीच नेलेला असतो. आणि मुंबईत दर मे महिन्यात या दोरावर माणसं लटकतात.

हात वर करा बरं, सोसायटीच्या कमिटीवर कितीजण आहेत? बरेच आहेत. मग पुढचं चित्र तुमच्या ओळखीचं असणार. पाऊस तोंडावर आलाय, वॉर्ड ऑफिसातून छाटणीची परवानगी हातात पडली आहे. (1975च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे आवार खासगी असलं तरी ती लागतेच.) ठेकेदाराची तीन माणसं येतात. एक करवत, एक कोयता, एक दोर. दोर कमरेला बांधून गडी गुलमोहरावर चढतो. खालून सगळ्यांना वाटतं, बांधलाय, काळजी नाही. आता वर काय होतं ते नीट बघा. फांदी गाड्यांवर पडू नये म्हणून ती दोराने बांधून उतरवायची असते आणि दोर तर एकच. मग तो कमरेचा दोर सोडतो, फांदीला बांधतो, डाव्या हाताने खोड धरतो आणि उजव्या हाताने करवत चालवतो.

त्या फांदीचं वजन काढू. 20 सेंटिमीटर जाडीचं, 3 मीटर लांबीचं ओलं लाकूड साधारण 90 किलो भरतं, पानं आणि डहाळ्या वेगळ्याच. एवढं ओझं एकदम सुटलं की ज्या जाड फांदीवर गडी उभा आहे ती वर उसळते. तुटलेली फांदी दोराला झटका देते आणि सगळं झाड हलतं. दिवसभरातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच, आणि नेमका याच क्षणी माणूस मोकळा असतो. त्याच्या अंगावरचा दोर फांदीला गेलेला असतो! निष्काळजीपणा म्हणून आपण त्या गड्याला बोल लावतो. चूक त्याची नाही. दुसरा दोर कुणी दिलाच नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे, आणि ते मी शंभर वेळा सांगेन. माणसाचा दोर वेगळा, फांदीचा वेगळा. रंगही वेगळे ठेवा, म्हणजे गडबडीत अदलाबदल होणार नाही. जेवणाच्या सुट्टीत दोर धुऊन तोच परत वापरला तर चालेल का, असं विचारतात. नाही चालणार. फांदीचा दोर सालीवरून घासत जातो, चीक पितो, झटके खातो. बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन तो सोडतात, तेव्हा तो घर्षणाने तापतो. हा पिवळा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो 165 अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो. वेढ्यांच्या जागी हात लावलात तर काचेसारखी गुळगुळीत पट्टी लागते. तिथला दोर संपला.

माणसाचा दोर नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला, 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा हवा. त्यावर ईएन 1891 'ए' असं युरोपीय मानक लिहिलेलं असलं तर तो किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ओढ सोसतो. आकडा मोठा वाटतो, पण गाठ मारली की त्यातली तिसरा हिस्सा ताकद सहज जाते. लांबीत कंजुषी नको. दोर वरून वळून परत खाली यायचा असतो, त्यामुळे 15 मीटरच्या झाडाला 30 मीटर कसाबसा पुरतो. 45 मीटरचा घ्यावा. आणि टोकाला आठाची गाठ हवीच. उतरताना दोर संपतो आणि माणूस टोकावरून निसटतो, असे अपघात नुसत्या त्या गाठीने टळतात. रोज सकाळी पूर्ण दोर मुठीतून सरकवायचा. कुठे फुगलाय, कुठे पोकळ लागतोय, कुठे कडक झालाय हे डोळ्यांआधी मुठीला कळतं. करवतीच्या पेट्रोलचा कॅन आणि दोर एका पोत्यात ठेवू नका. धुवायचा तो साध्या पाण्यात, वाळवायचा सावलीत.

बेल्टबद्दल. नुसता कमरपट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी नसतोच. त्याने बरगड्या मोडतात, कणा दुखावतो, आणि माणूस उलटा होऊन त्यातून घसरू शकतो. आयएस 3521 या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा पट्टा बांधकामावरून आणतात. तो पडणाऱ्याला अडवतो, पण त्याचा हुक पाठीवर असतो. त्यावर लटकलेला माणूस पुढे कलतो आणि त्याचा हात स्वतःच्याच हुकापर्यंत पोचत नाही. झाडावर काम करायला मांड्यांना पट्टे, पुढे कड्या आणि दोन्ही बाजूंना कड्या असा पट्टा हवा. हेल्मेट आयएस 2925चं, हनुवटीचा पट्टा लावलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी खाली येतं.

दोराला ढील असेल तर मात्र काहीच उपयोग नाही. 80 किलोचा माणूस 2 मीटर सुटा पडला आणि दोराने त्याला 20 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी ओढ त्याच्या वजनाच्या अकरापट होते, जवळपास 900 किलो. म्हणून आधार नेहमी डोक्याच्या वर हवा आणि दोर ताठ. दोर घट्ट धरणारी आणि हाताने सरकवता येणारी गाठ यासाठीच असते: ब्लेक हिच किंवा प्रुसिक. चढताना दर हातभर ती वर घ्यायची. कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, एक मुख्य दोर आणि दुसरा कमरेजवळचा आखूड लॅनयार्ड, शक्यतो आत पोलादी तार असलेला. कारण ताणलेल्या दोराला कोयत्याचं पातं नुसतं टेकलं तरी तो गाजरासारखा तुटतो.

आधार कुठे घ्यायचा? साधारण 300 ग्रॅमची वाळूची थैली बारीक दोरीला बांधून जाड बेचक्यातून पलीकडे टाकायची आणि तिच्यामागून मोठा दोर ओढून घ्यायचा. बेचकं जिवंत लाकडाचं, किमान 10 सेंटिमीटर जाड हवं. मग खाली दोघांनी एकदम दोराला लोंबकळून बघायचं. दोराचं एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्यावर चढत असाल तर बेचक्यावर वजनाच्या दुप्पट भार येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा बेचकंही तसं निवडा. आणि मागच्या छाटणीत फांदी मध्येच तोडली असेल, तर तिथून फुटलेल्या धुमाऱ्यांवर दोर टाकू नका. ते वरच्या थरातून आलेले असतात, त्यांना आतून पकड नसते. चुकीच्या जागी केलेला काप असा काही वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या जिवावर येतो. काप कसा घ्यायचा हेही ओघात सांगतो. आधी खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका. मग दोन बोटं पुढे वरून, फांदी पडेपर्यंत. शेवटी उरलेला ठोंब खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता काढायचा. खालचा काप टाळला की साल बुंध्यापर्यंत सोलत येते, कधीकधी गड्याच्या लॅनयार्डसकट.

चढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी अळंबी आहे का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, गटाराच्या किंवा केबलच्या चरात मुळं कापली गेलीत का. पेव्हर ब्लॉकखाली कापलेली मुळं दिसत नाहीत. वर्षभरात कुठे खोदकाम झालं ते वॉचमनला विचारा. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, गुलमोहर आतून पोकळ निघतो. पिठ्या ढेकणाने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष उभ्याउभ्या वाळले. वाळलेल्या झाडावर माणूस चढवायचाच नाही, हायड्रॉलिक शिडीची गाडी मागवायची. आग्या मोहोळ, गांधीलमाशीचं पोळं, पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं हे सगळं दुर्बिणीने खालूनच शोधा. मे-जूनमध्ये कावळ्याचं घरटंही असतं. त्याची फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. दिवाळीपासून गुंडाळलेल्या लायटिंगच्या माळा आधी उतरवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. रेल्वेच्या रुळांकडे झुकलेल्या झाडाला हात लावू नका. तिथल्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, ते काम रेल्वेचं आहे.

माड राहिला. दादर-माहीमपासून वर्सोव्यापर्यंत सोसायट्यांमध्ये माड आहेत आणि त्याला बेचकं नाही, त्यामुळे आतापर्यंतचं निम्मं गणित तिथे लागू पडत नाही. पायातल्या फासाबरोबर कमरेभोवतीही खोडाला वेढा घेतलेला पट्टा हवाच. पायाच्या दोन फाशांचं लोखंडी यंत्र वापरत असाल तर खोड वर बारीक होत जातं हे लक्षात ठेवून तारेचा फास मध्येच आवळायचा. शेंड्याला पोचल्यावर वाळक्या झावळीला हात घालायचा नाही, ती मुळातूनच निखळते. खोडाला पायासाठी खाचा पाडू नका. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि माड आतून पोखरतो. भोकातून तपकिरी चीक आणि चघळलेला चोथा दिसला तर त्या माडावर चढायचं नाही.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. छापलेला विषय आता भराभर घेतो.

वर अडकलेल्याला कोण आणणार हे पहिला माणूस चढण्याआधी ठरलेलं हवं. दुसरा पट्टा, दुसरा दोर आणि चढता येणारा दुसरा माणूस झाडाखाली हवा, टेम्पोत नाही. सगळ्यात सोपी सोय म्हणजे दोराचं खालचं टोक बुंध्याला 'आठ' नावाच्या धातूच्या कडीतून बांधायचं आणि झाडाच्या उंचीइतका जादा दोर मोकळा ठेवायचा. म्हणजे खालचा माणूसच ढील देत त्याला उतरवू शकतो. इथे बेचक्यावर दुप्पट भार येतो, म्हणून मघाशी ते सांगितलं.

वरचा गप्प झाला तर पहिल्यांदा नावाने हाक मारा आणि पाय हलवायला सांगा. लगेच चढू नका. तो का थांबला ते बघा: तार, माश्या की मोडलेली फांदी? वीज असेल तर पुरवठा तोडल्याचं कळेपर्यंत झाडाला कुणीही शिवायचं नाही. माश्या असतील तर 101वर अग्निशमन दलाला बोलवा. एकाने 108ला फोन करायचा, पत्ता सांगताना गेट कुठल्या रस्त्यावर आहे हेही सांगायचं. दुसऱ्याने गेटवर उभं राहून वाटेतल्या गाड्या काढायच्या.

पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून प्रत्येकाच्या खिशात दीड-दोन मीटर दोरीचा फास असावा. माणूस शुद्धीवर असेल तर त्याने तो फास दोराला अडकवून त्यात पाय रोवायचे. खाली आणल्यावर आडवं झोपवा, श्वास बघा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. करवतीची जखम असेल तर कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही. पडलेला असेल तर काखेत हात घालून उचलू नका, मान स्थिर धरा.

बाहेर अंगणातल्या बदामाला दोन मीटर उंचीवर दोर लावून ठेवलाय, खाली 'आठ' जोडलेला आहे आणि पलीकडे 60 किलोची वाळूची पोती आहे. हातमोजे टेबलावर आहेत. कमिटीतल्या आणि छाटणीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने जाण्याआधी ती पोती एकदा स्वतःच्या हाताने खाली उतरवून बघा.