तान्हा पोळा आणि अठरावं वर्ष

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘अठराव्या वर्षानंतर’ असा छापलाय, म्हणजे आपली ऑटिझम असलेली मुलं अठरा वर्षांची झाल्यावर काय करायचं. त्यावर येतेच. पण पोळा आठवड्यावर आलाय, म्हणून आधी तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचं सांगते.

आमचा मुलगा तेव्हा ६ वर्षांचा. आजोबांनी चाकांचा लाकडी बैल आणला, झूल शिवली, शिंगांना बेगड लावलं. मैदानात सगळी पोरं बैल घेऊन रांगेत उभी, आणि आमचा बैल उलटा! हा चाकं फिरवत बसलेला, कान चाकाशी लावून. पोरं बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसे, मागून परत आली तरी याचं चाक सुरूच. (इथे हसणारे सगळे पालक आहेत, मला कळतंय. तुमच्याही घरी काहीतरी फिरत असणार.)

मी काय केलं? बैल हिसकावला, सरळ उभा केला, दोरी त्याच्या हातात कोंबली. तो जमिनीवर आडवा, दोन्ही कान दाबून. मागून एक काकू म्हणाल्या, “काहून वं, घरी कोणी बोलत नाही का याच्यासंगं?” दुसऱ्या म्हणाल्या, “आज मारबत निघाली ना, तिच्यासंगं धाडून दे ही पीडा.”

मारबत म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा पुतळा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे आपण नागपूरकर लहानपणापासून ओरडत आलोय. काळी मारबत १८८१ पासून निघते. तिच्यासंगं रोगराई जावी, महागाई जावी. पण माझं लेकरू पीडा नाही. त्या काकू वाईट नव्हत्या, रात्री पुरणपोळी त्यांनीच आणून दिली. तरी ते वाक्य ११ वर्षं झाली, निघत नाही. आईला दोष देणं काही आपल्याकडेच नव्हतं. अमेरिकेत लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथले डॉक्टरसुद्धा आईच्या थंडपणाला कारण धरत होते. ते खोटं ठरलं. आपल्या गल्लीत मात्र अजून ऐकू येतं.

आणि ऑटिझम असलेल्यांसाठीचा ‘स्वमग्न’ हा शब्द. मला तो बोचतो. मग्न कुठला? कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल, सगळं त्याच्या अंगावर येतं.

पुढच्या वर्षी आजोबांनी स्वतःसाठी दुसरा बैल आणला, उलटा केला आणि नातवाशेजारी बसून चाक फिरवू लागले. एक शब्द बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने पोरानं त्यांचा हात धरला आणि आपल्या चाकावर नेऊन ठेवला.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. तर भराभर सांगते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आईवडील आपोआप पालक, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घेणारे, राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. प्रत्येकाला पालक लागतोच असं नाही. गरज आहे का, कोणत्या कामांपुरती, हे समितीनं पाहायचं असतं. त्याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची, तीही काढून ठेवा. अपंगत्व प्रमाणपत्र हातात नसेल तर आधी ते.

शेवटचं, भावंडांचं. ‘बहीण बघेल’ असं परस्पर ठरवू नका, तिला विचारा. आम्ही विचारलं. लेक १४ वर्षांची आहे. म्हणाली, “बघीन ना, पण मला आधी पुण्याला शिकायला जायचंय.” मृत्युपत्रात आम्ही तिच्या आत्याचं नाव घातलं.