सिटकॉममधला सोफा कायम आपल्याकडेच तोंड करून का असतो?

नमस्कार मंडळी!

'फ्रेंड्स' या अमेरिकन सिटकॉममधलं, म्हणजे विनोदी मालिकेतलं, मोनिकाचं घर आठवा. जांभळ्या भिंती, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बसायची जागा. आता मला सांगा, टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे? समोरची भिंत कुठल्या रंगाची आहे? आठवणार नाही. कारण ती भिंत जवळजवळ कधी दिसतच नाही. 'फुल हाउस' घ्या, 'हॅपी डेज' घ्या, 'ऑल इन द फॅमिली' घ्या, सगळीकडे तेच. सोफा खोलीच्या मधोमध, तोंड आपल्याकडे. सगळं कुटुंब जेवायला बसलं, तरी टेबलाची एक बाजू मोकळीच.

कारण त्या चौथ्या भिंतीच्या जागी माणसं बसलेली असायची. खरीखुरी, रांगेत, खुर्च्यांवर. अमेरिकन सिटकॉममध्ये विनोद कसा लिहायचा, कुठलं पात्र मोठं करायचं, कुणाचं कुणाशी जुळवायचं, यातलं पुष्कळसं त्या न दिसणाऱ्या माणसांनी ठरवलंय. आज त्याबद्दलच बोलायचंय.

(पडद्यावर: १९५१)

टीव्ही तेव्हा नवा होता. अमेरिकेतले मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रसारित व्हायचे. दूर पश्चिम किनाऱ्यावर ते दाखवायचे, तर चालू टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करायचे आणि ती प्रत पाठवायचे. चित्र धूसर यायचं. अशा वेळी ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना सीबीएस वाहिनीवर मालिका करायची होती, पण लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. आणि तिथून थेट प्रसारण केलं असतं, तर धूसर प्रत पूर्वेकडच्या, म्हणजे देशातल्या बहुतेक प्रेक्षकांना बघावी लागली असती. ते प्रायोजकाला नको होतं.

तोडगा निघाला तो असा. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर करायची, सिनेमासारखी. पण सिनेमासारखी तुकड्यातुकड्यांत नाही. एकाच वेळी तीन कॅमेरे चालू ठेवायचे आणि समोर सुमारे ३०० प्रेक्षक बसवून नाटकासारखा सलग प्रयोग करायचा. प्रेक्षकांचा आग्रह का? ल्युसिल त्याआधी रेडिओवर एक विनोदी मालिका करायची, तीही स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर, आणि माणसं समोर असली की तिचा अभिनय खुलायचा. हे तिच्या लेखकांनी जवळून पाहिलं होतं.

आता अडचण प्रकाशाची. सिनेमात प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवतात. इथे तीन कॅमेरे एकदम चालू, आणि नट खोलीभर फिरणार. हे सोडवायला त्यांनी बोलावलं कार्ल फ्रॉइंडला. हा माणूस जर्मन मूकपटांच्या काळातला, 'मेट्रोपोलिस'च्या छायाचित्रणात ज्याचा हात होता तो. त्याने दिवे वर टांगले आणि सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला, म्हणजे नट कुठेही उभा राहिला तरी तिन्ही कॅमेऱ्यांना नीट दिसेल. सिटकॉममधली घरं एवढी लख्ख, सावली नसलेली का दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

फिल्मवर खर्च जास्त होता, म्हणून नवराबायकोने मानधन कमी घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. १५ ऑक्टोबर १९५१ ला 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली. फिल्म असल्यामुळे तोच भाग पुन्हा दाखवता येत होता, तोही तितकाच स्वच्छ. पुनःप्रसारणाचा जो प्रचंड धंदा पुढे उभा राहिला, त्याची सुरुवात इथूनच मानतात. सत्तर वर्षांपूर्वीची ल्युसी आज आपण बघू शकतो, ती त्या एका सौद्यामुळे.

(क्लिप: चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग)

हा प्रसंग १९५२ चा. ल्युसी आणि तिची मैत्रीण एथेल सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या आहेत, चॉकलेटं येतायत, ती कागदात गुंडाळायचीत. पट्टा वेग घेतो. मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, जमेल तिथे. तुम्ही हा प्रसंग शंभर वेळा पाहिला असेल. आज एकदा डोळे मिटून ऐका. हशा एकसारखा नाहीये. आधी दोन-चार जणच हसतात, मग ते पसरतं, मध्येच कुणीतरी एकटं किंचाळतं. आणि ल्युसिल बॉल त्या हशावर स्वार होते. हशा चढत असेल तर ती पुढची हालचाल जरा लांबवते, उतरायला लागला की लगेच नवं काहीतरी करते. हे एकट्या कॅमेऱ्यासमोर जमत नाही. रंगमंचावरच्या नटाला हे माहीत असतं. वाक्य टाकायचं, थांबायचं, चेहरा धरून ठेवायचा आणि हशा पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य उचलायचं. लवकर उचललं तर ऐकू जात नाही, उशीर झाला तर प्रयोग पडतो.

म्हणून 'सिटकॉममधला हशा खोटा असतो' असं कुणी सरसकट म्हटलं की मला ते पटत नाही. खोटा हशा होताच. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्याने एक पेटीच बनवली होती. टाइपरायटरसारख्या कळा, प्रत्येकीत वेगळं हसणं. 'द ब्रॅडी बंच'सारख्या मालिका प्रेक्षकांशिवाय चित्रित व्हायच्या आणि हशा नंतर भरला जायचा. प्रेक्षकांसमोरच्या मालिकांमध्येही कमीजास्त डागडुजी चालायची. पण भरलेल्या हशासाठी थांबणारा नट आणि समोर हसणाऱ्या माणसासाठी थांबणारा नट, दोघांच्या डोळ्यांतला फरक कळतो. युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'च्या निर्मात्यांना हशा मुळात नकोच होता. सीबीएसशी वाद घालून त्यांनी एवढं मिळवलं, की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा वाजणार नाही. त्या शांततेमुळे ते प्रसंग किती जड झाले, ते बघाच.

प्रेक्षक मालिकेची दिशा कशी बदलतात, त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 'हॅपी डेज'. १९७४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती एका कॅमेऱ्यावर व्हायची, हशा नंतर भरायचे. गोष्ट रिची कनिंगहॅम नावाच्या शाळकरी मुलाची आणि त्याच्या घराची. फॉन्झी हे बाजूचं पात्र. तिसऱ्या सीझनपासून, म्हणजे १९७५ मध्ये, मालिका तीन कॅमेऱ्यांवर आणि प्रेक्षकांसमोर आली. फॉन्झी झालेला हेन्री विंकलर चामड्याचं जाकीट घालून दारातून आत आला की टाळ्यांचा कडकडाट. त्या टाळ्या लेखकांना ऐकू येणारच. फॉन्झी मोठा होत गेला, आणि १९७६-७७ मध्ये मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. रिचीचा थोरला भाऊ चक मात्र दुसऱ्या सीझननंतर गायब झाला. मालिकेने त्याचं कारणही सांगितलं नाही. मला त्या चकचं फार वाईट वाटतं. घरातला थोरला मुलगा नाहीसा होतो आणि आईवडिलांच्या तोंडी त्याचं नावही येत नाही!

आता मित्रांकडे येऊ. मित्रांच्या सिटकॉमला अशी एक जागा लागते, जिथे कुणीही, कधीही, कारण न सांगता येऊ शकतं. 'चीअर्स'मध्ये ती जागा म्हणजे बॉस्टनमधला बार. १९८२ मध्ये ही मालिका आली तेव्हा पहिल्या सीझनला रेटिंगच्या यादीत जवळजवळ तळाला होती. एनबीसी वाहिनीने धीर धरला आणि ती ११ सीझन चालली. तिचा एक निर्माता आणि प्रमुख दिग्दर्शक जेम्स बरोज. त्यानेच १२ वर्षांनी 'फ्रेंड्स'चा पहिला भाग दिग्दर्शित केला. बारच्या जागी कॉफीचं दुकान आलं, पण रचना तीच. मधोमध बसायची जागा, मागे दार, आणि दारातून येणारा माणूस प्रेक्षकांना थेट समोर दिसतो.

इथे एक मालिका मुद्दाम सांगायची आहे, कारण तिचं नाव फार कमी घेतलं जातं. 'लिव्हिंग सिंगल'. १९९३, फॉक्स वाहिनी, लेखिका-निर्माती इव्हेट ली बाउझर. ब्रुकलिनमध्ये राहणारे सहा तरुण कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणी, त्यांचं काम, प्रेम, भांडणं. 'फ्रेंड्स'च्या एक वर्ष आधी. रॅपर आणि अभिनेत्री क्वीन लतिफा त्यात होती. पाच सीझन चालली. मैत्रीच्या सिटकॉमचा इतिहास सांगताना तिला वगळणं मला अन्याय वाटतो. विनोदाच्या वेगात ती कुठेच मागे नाही.

'फ्रेंड्स'च्या चित्रणाला तासन्‌तास लागायचे. एखादा विनोद पडला की लेखक तिथेच घोळका करून नवं वाक्य लिहायचे, आणि तोच प्रसंग पुन्हा. हसणारे प्रेक्षक म्हणजे तिथल्या तिथे निकाल! आणि एकदा तर या निकालाने अख्खी मालिका वळवली. १९९८, रॉसच्या लग्नाचा भाग, चित्रण लंडनमध्ये. सकाळी चॅन्डलर अंथरुणात आहे आणि पांघरुणातून मोनिका डोकं वर काढते. प्रेक्षक असे काही ओरडले, की नटांना थांबून राहावं लागलं. लेखकांच्या मनात हे प्रकरण तेवढ्यापुरतंच होतं, हे त्यांनी नंतर सांगितलंय. पण ती आरोळी ऐकल्यावर ते सोडवेना. चॅन्डलर आणि मोनिकाचं लग्न, पुढचे सगळे सीझन, शेवटच्या भागातली जुळी मुलं, सगळं त्या एका रात्रीतून आलं. एवढं ओरडण्याचं कारणही मला कळतं. चार वर्षं ज्यांना शेजारी शेजारी पाहिलं, त्यांच्यात हे शक्य होतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कुटुंबाच्या सिटकॉमबद्दल थोडक्यात. तिथे सोफा म्हणजे वादाची जागा. १९७१ मध्ये नॉर्मन लिअरने 'ऑल इन द फॅमिली' आणली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर, पूर्वग्रहांनी भरलेला बाप, आणि त्याच्या घरात राहणारा उदारमतवादी जावई. वंशभेद, व्हिएतनाम, स्त्रियांचे हक्क, सगळं दिवाणखान्यात. पहिल्या भागाआधी सीबीएसने पडद्यावर सूचना दाखवली होती. पुढे पाच वर्षं ती पहिल्या क्रमांकावर राहिली. तिथले प्रेक्षक आर्चीला हसतायत की आर्चीबरोबर, हा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं एकाच रांगेत दोन्ही प्रकारची माणसं बसलेली होती.

आता शाळा. हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे ही सगळी पद्धत अडखळते.

पहिली अडचण जागेची. वर्गात शिक्षक आणि मुलं समोरासमोर असतात, म्हणजे कुणाची तरी पाठ प्रेक्षकांकडे येणार. म्हणून अशा सेटवर वर्ग आडवा लावतात, शिक्षक एका टोकाला, बाकं दुसऱ्या बाजूला. ते जमतं. दुसरी अडचण जमत नाही, ती वेळेची. मित्र दहा वर्षं त्याच सोफ्यावर बसू शकतात. विद्यार्थी दहा वर्षं त्याच बाकावर कसा बसेल?

'वेलकम बॅक, कॉटर'ने सरळ मोठे नट घेतले. १९७५ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा शाळकरी व्हिनी बार्बरिनो झालेला जॉन ट्रॅव्होल्टा २१ वर्षांचा होता. चार सीझनमध्ये वर्गातली मुलं बाप्ये दिसायला लागली. लहान मुलं घ्यावीत, तर कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर कडक मर्यादा. 'फुल हाउस'मधल्या तान्ह्या मिशेलसाठी जुळ्या बहिणी घेतल्या, त्या याच कारणासाठी. 'सेव्हड बाय द बेल'ची गोष्ट आणखी वेगळी. ती आधी एका शिक्षिकेची मालिका होती, डिस्ने चॅनेलवर, 'गुड मॉर्निंग, मिस ब्लिस' नावाची. ती बंद पडली. मग एनबीसीने शिक्षिका काढली, मुलं ठेवली, शाळा इंडियानापोलिसहून कॅलिफोर्नियाला नेली आणि १९८९ मध्ये शनिवारी सकाळी ती तुफान चालली. 'द सिम्पसन्स'ने तर चित्रांच्या जोरावर प्रश्नच संपवला. बार्ट १९८९ पासून चौथीत आहे.

पण ज्यांनी काळाला आत घेतलं, त्या मालिका माझ्या मनात जास्त राहिल्या. 'बॉय मीट्स वर्ल्ड', १९९३ ते २०००. कोरी मॅथ्यूज सहावीत सुरू होतो आणि कॉलेजपर्यंत जातो, आणि त्याचे शिक्षक फीनी सरही त्याच्यामागे येतात. आधी वर्गशिक्षक आणि शेजारी, मग हायस्कूलचे मुख्याध्यापक, मग कॉलेजातही. तर्काला हे पटत नाही. पण विल्यम डॅनियल्सने ते सर इतक्या गांभीर्याने उभे केलेत, की एकच शिक्षक सात वर्षं पाठीशी असणं हीच त्या मालिकेची खरी गोष्ट होते.

आणि 'द वंडर इयर्स'. १९८८. इथे प्रेक्षकांच्या खुर्च्याच काढून टाकल्या. एक कॅमेरा, हशा नाही, आणि त्या जागी एक आवाज, मोठा झालेला नायक केव्हिन, जो वीस वर्षांपूर्वीची आपली शाळा सांगतोय. ज्या क्षणी सिटकॉममध्ये ३०० माणसं हसली असती, तिथे तो एकटा हसतो किंवा गप्प राहतो. शाळेच्या आठवणीला हेच योग्य होतं. २००० साली 'माल्कम इन द मिडल' त्याच वाटेने गेली, फक्त तिचा वेग दुप्पट. तिथे माल्कम स्वतःच आपल्याकडे बघून बोलतो. ती यशस्वी झाल्यावर एका कॅमेऱ्याच्या, बिनहशाच्या सिटकॉम झपाट्याने वाढल्या.

पाहायला सुरुवात करायची असेल, तर माझा क्रम असा. आधी ल्युसीचा चॉकलेटचा भाग. मग 'हॅपी डेज'चा पहिल्या सीझनमधला एक आणि तिसऱ्यामधला एक, लागोपाठ. मग 'लिव्हिंग सिंगल' कुठूनही. आणि 'द वंडर इयर्स' मात्र पहिल्या भागापासून, क्रमाने.

पुढच्या व्हिडिओत ब्रिटनला जाऊ. अमेरिकेत एका सीझनला वीस-बावीस भाग लिहायला एका खोलीत बसणारा लेखकांचा मोठा गट लागायचा. तिकडे जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनीच 'फॉल्टी टॉवर्स' लिहिली. १९७५ मध्ये ६ भाग, १९७९ मध्ये ६ भाग, आणि थांबले. ते का थांबले, यावर सविस्तर बोलू. भेटू!