जुनी फरशी उखडण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली काही मंडळी जुनी घरे विकत घेऊन सुटीच्या दिवसांत स्वतःच त्यांची डागडुजी करतात. आजचे बोलणे त्यांच्यासाठी आहे आणि ते फक्त फरशीतल्या ॲस्बेस्टॉसपुरते, म्हणजे श्वासावाटे गेल्यास घातक ठरणाऱ्या एका तंतुमय खनिजापुरते आहे.

ॲस्बेस्टॉस म्हटले की आपल्याला गावाकडचे सिमेंटचे पत्रे आठवतात. ते पायाखालीही असू शकेल, हे सहसा मनात येत नाही. परंतु १९८०पूर्वी बांधलेल्या घरात तळघरातला गालिचा उचलला, की पुष्कळदा नऊ इंची चौकोनी टाइल्स दिसतात: पातळ, कडक, तपकिरी किंवा हिरवट, वर संगमरवरासारख्या फिकट रेघा, आणि सुटलेल्या टाइलखाली डांबरासारखा काळा गोंद. हे माप दिसताच संशय घ्यावा. मात्र टाइल बारा इंची आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तिच्यातही आणि त्या गोंदातही ॲस्बेस्टॉस असू शकते.

मला स्वतःला अधिक धास्ती वाटते ती गुंडाळीतून अंथरलेल्या जुन्या व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकच्या फरशीची. टाइलमधले तंतू घट्ट बांधलेले असतात आणि ती अखंड असेतोवर सहसा हवेत येत नाहीत. व्हिनाइलच्या पाठीला मात्र अनेकदा पुठ्ठ्यासारखा करडा थर असतो. त्यात ॲस्बेस्टॉस असले, तर व्हिनाइल ओढून काढताना तो थर फाटतो आणि नजरेला न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्यातून उद्भवणारा कर्करोग कित्येक दशकांनी प्रकट होतो, त्यामुळे काम करताना ठसका लागला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नुसत्या डोळ्यांनी खात्री कोणालाच देता येत नाही, वीस वर्षे फरश्या बसवणाऱ्या कंत्राटदारालाही नाही. प्रशिक्षित व्यक्तीकडून नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा, आणि टाइल व गोंद यांचे निष्कर्ष वेगवेगळे मागावेत. अहवाल येईपर्यंत घासणे, खरवडणे, गोंदावर यंत्र फिरवणे बंद ठेवावे. तुकडे पडलेच असतील, तर घरातल्या साध्या व्हॅक्यूमने ते ओढू नयेत, कारण बारीक तंतू त्याच्या गाळणीतून निसटून खोलीभर पसरतात.

ॲस्बेस्टॉस निघाले तरी फरशी उखडलीच पाहिजे, असे नाही. ती धड असेल, तर तिच्यावर नवी फरशी घालणे हा बहुधा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरतो. मग अहवालाची प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढे घर घेणाऱ्याला हातोडा उचलण्याआधी खाली काय आहे ते कळेल.