जांभळाची बी: चूर्ण, मात्रा आणि मधुमेह

(पडद्यावर: डोंगरउतारावरचं जांभळाचं झाड, खाली जांभळा सडा.)

मे सरत आला की पन्हाळा-जोतिबाच्या रस्त्याला आणि कोल्हापूरच्या मंडयांत जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. खायला टपोरी घ्या. चूर्णासाठी मात्र डोंगरातली बारीक, तुरट जांभळं बरी. त्यांत गर कमी आणि बी मोठी.

(बिया धुताना हात.)

बिया चोळून तीन-चार पाण्यांनी धुवायच्या, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. चिकटून राहिलेला गर गोड असतो, बुरशी तिथंच धरते. दोन दिवसांच्या उन्हानं वरचं पातळ साल सुटतं. ते काढून आतली हिरवट बी फोडायचीच. अखंड बी वरून खडखडीत वाजते, पण पोटात ओल धरून असते. अशा बियांचं चूर्ण आठवड्यात गोळा होतं आणि कुबट वास मारतं. फोडलेले तुकडे आणखी चार-पाच दिवस सुकवा. तुकडा कट्‌कन मोडला, की झालं. तोवर वजन निम्म्याच्या आसपास येतं.

खरी अडचण पावसाची. जांभळं पिकतात आणि मृग दारात असतो. राधानगरी, गगनबावड्याकडे तर उन्हाची खात्रीच नाही. तिथं घरात पंख्याखाली जाळीवर पातळ पसरा. सगळं एकदम दळू नका. तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून महिन्यापुरतंच दळा.

(वस्त्रगाळ चूर्ण, चमचा.)

आयुर्वेदात या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम सांगितली आहे. चरकसंहितेत मूत्र आवरणाऱ्या दहा द्रव्यांत जांभूळ पहिलं येतं. वारंवार लघवी हे मधुमेहाचं ठळक लक्षण, त्यामुळे प्रमेहावर (आयुर्वेदातला लघवीच्या विकारांचा गट, मधुमेह त्यातच येतो) जांभळाची बी देण्यामागची दिशा कळते. पण लघवी आवरली म्हणजे रक्तातली साखर उतरली असं नव्हे. उंदरांवरच्या प्रयोगांत बियांच्या अर्कानं साखर कमी झालेली दिसली आहे. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा साखरेत फरक पडला नाही. म्हणून ‘चूर्णानं गोळ्या सुटतात’ हा दावा आम्हाला धोक्याचा वाटतो. गोळी बंद केल्याची किंमत डोळे आणि मूत्रपिंडं मोजतात.

आणि जांभूळ मधुमेह्यानं कितीही खावं, हेही खरं नाही. 100 ग्रॅम गरात साधारण 14 ग्रॅम कर्बोदकं असतात.

रक्त वाढतं म्हणून जांभूळ खाणारेही पुष्कळ. तो गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे. उलट बी-सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोह बांधून ठेवतं, म्हणून लोहाच्या गोळीसोबत चूर्ण घेऊ नये. याच टॅनिनमुळे सालीच्या काढ्याच्या गुळण्या हिरड्या आवळतात आणि जुलाबावर बी कामी येते. ज्याला आधीच बद्धकोष्ठ आहे, त्याचा त्रास मात्र वाढतो. चरकानं वात वाढवणाऱ्या पदार्थांतही जांभूळच अग्रभागी ठेवलंय. उपाशीपोटी खाल्लं की पोट फुगतं ते यामुळे. जेवणानंतर, मीठ लावून, मूठभर पुरे.

(ग्लुकोमीटर, शेजारी वही.)

मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना चूर्ण घ्यायचंच असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहीत चला. मध्येच दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर साखर खाली गेलेली असू शकते. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्या दिवसापासून चूर्ण थांबवून डॉक्टरांना वही दाखवा.